तीन नापासांना मिळून एक पास समजण्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य नोंद व वैद्यकीय संकेतन प्रमाणन मंडळ,
विभागीय कार्यालय, ठाणे.

अर्जदार : कु. प्रमिला जयराम हरड, वय २४, शिक्षण बी.एस्सी., मु. करवेळवाडी, सिद्धगडाच्या पायथ्याशी, ता. मुरबाड, जि. ठाणे.

विषय : दि. १६ फेब्रुवारी २०२५ रोजीच्या वैद्यकीय संकेतन परीक्षेतील तीन अनुत्तीर्ण उमेदवारांचे गुण एकत्र करून त्यांना एक उत्तीर्ण उमेदवार समजण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज. २) त्या तिन्हींवर मिळून मंडळाचे एकच उत्तर : "संयुक्त उमेदवार असा रकाना विहित नमुन्यात नाही."

महोदय किंवा महोदया (उत्तरावरील सही वाचता आली नाही, म्हणून दोन्ही),

१. शहापुरातील एका खासगी रुग्णालयात मेडिकल कोडरची एक जागा भरायची आहे. मुलाखत सोमवार दि. ६ ऑक्टोबर रोजी असून मंडळाचे मूळ प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय आत सोडणार नाहीत, असे तेथील वॉचमनने सांगितले आहे. अर्जदाराच्या वडिलांनी तिला दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे. त्यानंतर भिवंडीच्या गोदामात खोक्यांना चिकटपट्टी लावण्याचे काम तिच्यासाठी बोलून ठेवले आहे. सदर काम वाईट नाही. परंतु त्याला बी.एस्सी. लागत नाही आणि डॉक्टरांचे अक्षर वाचता येणे तर मुळीच लागत नाही, जे अर्जदाराला येते. डॉक्टरांनी केसपेपरवर काय लिहिले आहे ते लावून प्रत्येक आजाराला ठरलेला संकेतांक, म्हणजे कोड, द्यायचा, तो पाहून विमावाल्यांनी बिल मंजूर करायचे, असे या विद्येचे थोडक्यात स्वरूप आहे. मंडळाला ते माहीत असेलच. तरीही लिहिले, कारण मागील तीन अर्जांवरून तशी खात्री वाटली नाही.

२. ही विद्या अर्जदाराने शहापूर येथील उत्कर्षदीप कौशल्य प्रशिक्षण केंद्रात जून ते डिसेंबर २०२४ या काळात घेतली. सोबत तीन मैत्रिणी होत्या : सुरेखा, रुपाली आणि शीतल. चौघी एकाच गावच्या, एकाच वर्गातल्या. शीतलचे घर अर्जदाराच्या घरापासून तिसरे, आणि मध्ये जे दुसरे आहे ते दोघींच्या आजोबांनी मिळून बांधलेले. हा तपशील अर्जाच्या कामाचा नाही, पण खोडायला हात होत नाही.

३. वर्ग सुरू होऊन महिना झाला नाही तोच भाताची लावणी आली. आमच्याकडे लावणी सावडीने होते, म्हणजे आज सगळ्या जणी तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. त्यातही जिचा हात ज्या कामाला बसलेला तिने तेच करायचे. एक रोपे उपटते, एक मुठी बांधते, एक लावत जाते. रोपे उपटणारीला कुणी "तुला लावता येतं का, परीक्षा दे," असे म्हणत नाही. लावणीमुळे रोज चौघींतली एखादी वर्गात गैरहजर राहू लागली, तेव्हा अभ्यासाचीही सावड करावी असे सुरेखाने सुचवले. कोडांचे पुस्तक अडीच किलोचे आहे (शीतलच्या बापाच्या काट्यावर तोलले). चौघींनी ते वाटून घेतले. ताप व साथीचे रोग अर्जदाराकडे, मोडलेली हाडे व जखमा सुरेखाकडे, बाळंतपणे रुपालीकडे, आणि उरलेले सगळे, म्हणजे हृदय, साखर, मूत्रपिंड वगैरे, शीतलकडे. शीतल शेवटच्या खुर्चीवर बसायची म्हणून पूर्ण झालेली फाइल तपासून बंद करणेही तिच्याकडेच आले. हे कुणी ठरवले नव्हते. खुर्ची तिथे होती.

४. केंद्राचे संचालक श्री. अनिल सर यांना हा प्रकार आठ दिवसांनी कळला. ते रागावतील अशी भीती होती. उलट त्यांनी टेबलावर थाप मारली. "एकीनं सगळं करायला गेलं तर दिवसाला दहा फायली होतात. चौघी मिळून साठ! याला म्हणतात टीमवर्क. मोठमोठ्या कंपन्या यासाठी लोकं ठेवतात, तुम्ही शेतातून शिकून आलात," असे त्यांचे शब्द होते. त्यांनी चारही संगणक एका तारेने जोडून घेतले. पहिलीने आपला भाग करून 'सबमिट' हे बटण दाबले की फाइल दुसरीकडे, तिथून तिसरीकडे, शेवटी शीतलकडे. पुढे डिसेंबरपर्यंत रोज साठ फायलींना, म्हणजे अर्जदाराने आयुष्यात दुसरे कुठलेही बटण इतक्या वेळा दाबले नसेल. रुपालीने तर घरी मिक्सर बंद करताना "सबमिट" म्हटल्याचे तिच्या वहिनीने सांगितले आहे.

५. या फायली सरावासाठी आहेत, असे सर सांगत. ऑक्टोबरात एका रुग्णालयाचे गृहस्थ पेढे घेऊन वर्गात आले आणि "या महिन्यात एकही बिल परत आलं नाही," म्हणून सरांचा हात हातात घेऊन उभे राहिले. त्यावरून फायली खऱ्या रुग्णांच्या होत्या असे दिसते. विचारल्यावर सर म्हणाले, "सराव खऱ्यावरच करायचा असतो गं." पेढे चांगले होते. त्याच आठवड्यात सरांनी चौघींना मिळून 'टीम सिद्धगड' या नावाने एक रंगीत सन्मानपत्र दिले. ते लॅमिनेट करून आठवडा-आठवडा एकेकीच्या घरी भिंतीवर असते. चौघींना एक प्रमाणपत्र देता येते, रकाना लागत नाही, एवढे या दाखल्यावरून मंडळाने पाहावे. परीक्षेविषयी विचारले तेव्हा सर म्हणाले, "रोज करता तेच करायचंय. घाबरता कशाला?"

६. परीक्षा कल्याणच्या संगणक केंद्रात झाली. शंभर प्रश्न, चार तास, उत्तीर्ण होण्यास सत्तर. चौघी ओळीने बसल्या होत्या. अर्जदाराने तापाचे बावीस प्रश्न पंचवीस मिनिटांत सोडवले, उत्तरे दोनदा तपासली आणि 'सबमिट' दाबले. पडद्यावर "आपली परीक्षा संपली आहे, धन्यवाद" असे आले. अर्जदाराला वाटले, आपल्या भागाची संपली. ती हात मांडीवर ठेवून पुढचीकडे फाइल कधी जाते ते पाहत बसली. पलीकडे सुरेखाने हाडांचे सव्वीस प्रश्न करून तेच बटण दाबले आणि डबा कुठे खायचा हे विचारायला उठली. रुपालीने चोवीस बाळंतपणे उरकून बटण दाबले, आणि पर्यवेक्षक बाईंना म्हणाली, "मॅडम, आता माझी शीतलकडं गेली का बघा ना." बाईंनी चष्मा वर करून सांगितले, "अगं, ही परीक्षा आहे. हळदीकुंकवाला आलीस का वाण पुढं सरकवायला?" अर्धा हॉल हसला. चौथ्या खुर्चीवर शीतल मान खाली घालून उत्तरे भरत होती. ती हसली नाही, तिने वरही पाहिले नाही. तिच्या पडद्यावर तेव्हा मनगटाच्या मोडलेल्या हाडाचा प्रश्न होता, म्हणजे सुरेखाचा. अर्जदाराने तो लांबून वाचला. मग तिच्या लक्षात आले.

७. निकाल असा : अर्जदार २२, सुरेखा २६, रुपाली २४, शीतल ८१. पहिल्या तिघींचे एकही उत्तर चुकलेले नाही, हे मंडळाच्याच गुणपत्रिकांवरून दिसते. जे सोडवले ते सर्व बरोबर आणि तरी नापास, असे उमेदवार मंडळाच्या इतिहासात किती झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारले असता "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" असे उत्तर आले.

८. परीक्षेहून परतताना मुरबाडच्या एस.टी.त अर्जदार शीतलशेजारी बसली होती. तिने विचारले, "तुला कधीपासून येतं गो सगळं?" शीतल पेरू खात होती. म्हणाली, "तुमच्याच फायली तपासून तपासून. मी काय चोरलं का?" चोरले नाही, हे अर्जदारास मान्य आहे. जे डोळ्यांसमोरून जाते ते डोक्यात राहते, त्याला कुणी काय करणार? "मग ते बटण दाबायचं नाय, एवढं तरी बोलायचंस," असे अर्जदार म्हणाली. यावर शीतलने पेरूचा उरलेला अर्धा भाग खिडकीतून टाकला आणि म्हणाली, "मला वाटलं, तुमाला माहीत असंल." शीतलला जूनमध्ये वर नमूद केलेल्या रुग्णालयात पहिली जागा मिळाली. तिची आई हिराबाई यंदाही ठरल्या दिवशी अर्जदाराच्या खाचरात लावणीला आली, दिवसभर वाकून लावत राहिली आणि चहा न घेता गेली.

९. अनिल सरांना फोन केला तर ते म्हणाले, "मी तुम्हाला टीमवर्क शिकवलं. मंडळाला ते कळत नाही, त्यात माझा काय दोष?" पुन्हा लावला तेव्हा त्यांनी उचलला नाही. केंद्राच्या जागेवर आता ड्रोन दुरुस्तीचा वर्ग चालतो. पाटीवर अर्जदारादी चौघींचा फोटो अजून आहे. खाली "यांनी आकाश जिंकले, तुम्ही कधी?" असे लिहिले आहे. अर्जदाराने आजवर ड्रोन पाहिलेला नाही.

१०. सबब मागणी अशी की, अर्जदार, सुरेखा व रुपाली यांचे गुण (२२ + २६ + २४ = ७२) एकत्र धरून त्या तिघींना एक उत्तीर्ण उमेदवार समजावे. सत्तर लागतात, दोन जास्तच आहेत, ते मंडळाने ठेवून घ्यावेत. प्रमाणपत्र व्यक्तीच्या नावे असते हा मंडळाचा आक्षेप अर्जदाराने नीट वाचला. परंतु कुठल्याही रुग्णालयात पोट एक जण कापतो, गुंगी दुसरा देतो, टाके तिसरा घालतो, आणि रुग्ण बरा झाला की तिघांनाही डॉक्टर म्हणतात. यातल्या एकाने तिन्ही कामे करून दाखवल्याशिवाय त्याला पदवी देऊ नये असे मंडळाचे मत असेल तर तसे लेखी कळवावे, म्हणजे गावातील लोक ऑपरेशनला जाताना विचार करतील. तिघी एकाच खुर्चीवर, एकाच पगारात, आळीपाळीने बसण्यास तयार आहेत. त्यामुळे एक आजारी पडली तरी रुग्णालयाचा दोन तृतीयांश कर्मचारी हजर राहील, ही सोय सध्याच्या कोणत्याही कर्मचाऱ्यात नाही. संयुक्त उमेदवाराचा फोटो जोडला आहे. तीन चेहरे एका पासपोर्ट आकारात बसवताना रुपालीचा डावा कान बाहेर राहिला. तो प्रत्यक्षात आहे.

११. प्रमाणपत्र मिळालेली व्यक्ती एकटीने सर्व करते, हा मंडळाचा समजही तपासून पाहावा. शीतलचे जे एकोणीस प्रश्न चुकले त्यातील बहुतेक तापाचे असावेत, कारण नोकरी लागल्यापासून ती दुपारी जेवणाच्या सुट्टीत अर्जदारास फोन करते. नमस्कार-चमत्कार नसतो. "पमे, एवढंच सांग. ताप दहा दिवस, अंगावर काळा डाग, डॉक्टर लिहितात किड्याचा ताप. काय लावू?" अर्जदार सांगते. फोन बंद होतो. रुग्णाचे नाव शीतलने कधीही सांगितलेले नाही व अर्जदाराने विचारलेले नाही, त्यामुळे गुप्ततेचा भंग झाला असे कुणी म्हणू नये. मंडळाच्या शिक्क्याने रुग्णालयातून जे तापाचे कोड बाहेर पडतात ते करवेळवाडीच्या पडवीतून जातात, एवढेच निदर्शनास आणून द्यायचे आहे.

(येथवरचा मजकूर सोमवारी लिहून झाला आणि तिघींच्या सह्याही झाल्या. पुढील मजकूर अर्जदाराने गुरुवारी लिहिला आहे.)

१२. वरील परिच्छेद ११ मध्ये "अर्जदार सांगते" असे लिहिले आहे. ते एका दिवशी खरे नव्हते. दि. २८ ऑगस्ट रोजी शीतलने फोनवर विचारले, "ताप, डोळे पिवळे, लघवी कमी. डॉक्टरांनी लेप्टो लिहून पुढं प्रश्नचिन्ह टाकलंय. काय करू?" अशा फाइलीत तपासणीचा अहवाल उशिरा येतो आणि शेवटच्या पानामागे टाचलेला असतो, तो आधी बघायचा, हे चौघींत फक्त अर्जदाराला माहीत आहे, कारण ताप तिचे. तिने "मागचं पान बघ" असे म्हणायला हवे होते. तेवढ्यात शीतल पलीकडे कुणाला तरी हसत म्हणाली, "थांबा हो, मी करते ना, मला येतं." अर्जदार म्हणाली, "आर-५०.९ लाव." म्हणजे कारण न समजलेला साधा ताप. साध्या तापाला विमावाले रुग्णालयात दाखल होणे मंजूर करत नाहीत, हेही अर्जदाराला माहीत होते. शीतलने "थँक्यू" म्हटले. तिने थँक्यू म्हटल्याची ती पहिलीच वेळ.

१३. मंगळवारी सकाळी गावाबाहेरच्या वाडीवरील ताराबाई प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन अर्जदाराच्या दारी आली. कागद वाचायला लोक अर्जदाराकडेच येतात. "गो बाय, हा कागद काय सांगतो बघ ना. सायब बोलला, तापाचा पैसा नाय भेटणार. माणूस तर मरता मरता आला." तिचा नवरा नवसू अकरा दिवस रुग्णालयात होता. कागदात २८ ऑगस्टची तारीख, आर-५०.९, 'दावा अमान्य', आणि शेवटच्या पानामागे टाचलेला लेप्टोचा अहवाल होता. पॉझिटिव्ह. लेप्टो उंदरांच्या मुताने बाधलेल्या पाण्यातून होतो, आणि नवसू लावणीला अर्जदाराच्या वडिलांच्या खाचरात मजुरीला होता. दावा मिळाला नाही तर बिलासाठी वीटभट्टीवाल्याकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घ्यावी लागेल, मग दिवाळीनंतर सबंध कुटुंब, लेकरांसकट, भट्टीवर. ताराबाईने हे तक्रार म्हणून सांगितले नाही. "शिकलेली हाय म्हणून तुज्याकडं आली," एवढेच म्हणाली. अर्जदाराने तिला कागद वाचून दाखवला. कोड कुणी सांगितला ते वाचून दाखवले नाही.

१४. अर्जदाराने त्याच दिवशी शीतलला फोन केला. योग्य कोड ए-२७.९ आहे, अहवाल मागे टाचला आहे, दुरुस्ती कर, असे सांगितले. शीतल म्हणाली, "तवा एक बोललीस, आता एक बोलतेस. मी सही कशावर करू, पमे? बंद फाइल मंडळाच्या पत्राशिवाय उघडत नाय. आधीचं चुकलं कसं, ते तू लिहून दे." आणि फोन ठेवण्याआधी : "माझा इस्वास होता गो तुझ्यावर." यावर अर्जदारास पुष्कळ बोलायचे होते. एस.टी.तला पेरू तिच्या जिभेवर आला होता. तो गिळून तिने हा अर्ज पुन्हा बाहेर काढला.

१५. म्हणून लिहून देते की, दि. २८ ऑगस्टच्या त्या फाइलीवरील आर-५०.९ हा कोड अर्जदाराने चुकीचा आहे हे ठाऊक असून सांगितला. शीतलने तो भरवशावर घेतला, तिच्याकडून कसूर झालेली नाही. मंडळाच्या नियमावलीतील आचारसंहिता अर्जदाराने वाचली आहे. जाणूनबुजून चुकीचा संकेतांक देणारी व्यक्ती तीन वर्षे प्रमाणपत्रास अपात्र ठरते. म्हणजे अर्जदाराचे बावीस गुण जातात आणि बहात्तरांचे पन्नास होतात. हे सुरेखा व रुपालीला सांगितले तेव्हा सुरेखा म्हणाली, "पन्नास घेऊन काय करू, कपाळाला लावू?" रुपालीने मुलाखतीसाठी आणलेले नव्या पंजाबी ड्रेसचे कापड परत पिशवीत घातले. थोड्या वेळाने सुरेखाच पेन घेऊन आली. "लिही तू. नवसूचं पोरगं माज्या भावाच्या वर्गात हाय." दोघींनी या पानावर पुन्हा सह्या केल्या आहेत.

१६. तरी परिच्छेद १० मधील मागणी अर्जदारापुरती मागे घेण्यात येत आहे. सुरेखा व रुपाली यांचे पन्नास गुण मात्र निर्दोष आहेत. त्यांच्यासाठी वीस गुणांची सोय मंडळाकडे कुठल्या रकान्यात असल्यास पाहावी, नसल्यास तसे कळवावे, त्या वाट बघत आहेत. नवसूच्या दाव्याच्या दुरुस्तीची मुदत सोमवार दि. २९ सप्टेंबर रोजी संपते. मंडळाचे पत्र त्याआधी रुग्णालयात पोहोचावे. मागील उत्तर यायला सत्तेचाळीस दिवस लागले होते. या वेळी अर्जदाराविरुद्ध कारवाईच करायची असल्याने वेळ कमी लागेल, अशी आशा आहे.

बावीस गुण वजा जाता, आपली विश्वासू,

(सही)
प्रमिला जयराम हरड

सह्या : सुरेखा, रुपाली

करवेळवाडी, दि. १८ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) तिघींच्या गुणपत्रिका.
२) 'टीम सिद्धगड' सन्मानपत्राची रंगीत प्रत.
३) संयुक्त उमेदवाराचा फोटो (आता उपयोग नाही, परत पाठवावा).
४) नवसू यांच्या लेप्टो तपासणीच्या अहवालाची प्रत. कृपया हीच आधी पाहावी.